नावेच्या तळातलं जातं

सत्तरचं दशक सरता सरता, एका उन्हाळ्यात वैनगंगा इतकी आटली, की आमच्या घाटाखाली बुडालेली शिडाची जुनी नाव उघडी पडली. वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळाशी घातलेले दगड जागच्या जागी होते. रस्त्याच्या ठेकेदारानं त्यांची गिट्टी करायला ट्रॅक्टर आणला आणि माझं डोकं सणकलं. लगेच सायक्लोस्टाईल पत्रक काढलं: ‘वैनगंगेचा वारसा फोडणाऱ्यांनो, खबरदार!’ मधोमध भोक असलेल्या एका गोल दगडाला मी राजेरजवाड्यांच्या काळचा नावेचा नांगर ठरवून टाकलं. विचारपूस केली की पत्रकाची धार जाते, असं तेव्हा माझं मत होतं.

मोर्चा निघाला. दगड तहसील कचेरीत आले. तिथून नागपूरच्या संग्रहालयात जायचे होते. यादीखाली माझी सही.

ट्रक येणार त्याच्या आदल्या दिवशी शेजारची मावशी दारात उभी. तिचं घर मासेमारीवर चालायचं.

“काहून बाबू, माह्या जात्याले नागपूरले पाठवून राहिला का?”

ती नाव शेवटी तिचाच नवरा चालवायचा. एकदा वारा फार होता, दगड कमी पडले, म्हणून यानं घरच्या जात्याचा वरचा दगड न विचारता उचलून नेला. नाव बुडाली. हा पोहून आला, दगड काही पोहला नाही. तेव्हापासून मावशी डाळीसाठी लाखोळीचे दाणे भरडायला दुसऱ्यांच्या दारी जायची.

“नवीन कायले नाही घेतलं?”

“माह्या माहेरचं हाय ते. अन् यानं नेलं, तं यालेच अर्धं जातं रोज दिसलं पाह्यजे.”

शेजारी आपल्या ओट्यावर बसलेल्या नवऱ्यानं बिडी विझवली आणि तो आत गेला.

मी कचेरीत धावलो. साहेबांनी माझंच पत्रक पुढे सरकवलं. “नांगर आहे ना हा? तुम्हीच लिहिलंत.” माझं लिखाण कुणीतरी जपून ठेवलं होतं, तेही अशा वेळी!

मी भांडतोय तेवढ्यात मावशी आलीच. मागे नवरा, डोक्यावर जात्याचा खालचा दगड.

“ठेव इथं.”

आम्ही दोघांनी भोकवाला दगड उचलून वर बसवला. खालच्या दगडातला आस बरोब्बर भोकात गेला. मावशीनं बाभळीचा खुंटा ठोकला, मूठभर लाखोळी घातली. आधी वैनगंगेचा गाळ निघाला, मग पिवळी डाळ.

साहेबांनी चिमूटभर उचलून पाहिली आणि पेन माझ्या हातात दिला. मी यादीतली नांगराची ओळ खोडली.

“आता नवीन पत्रक काढ बाबू,” मावशी म्हणाली, “बायकोले इचारल्याबिगर घरातला दगडही हलवू नये म्हणून!”

परतताना खालचा दगड नवऱ्याच्या डोक्यावर होता, वरचा माझ्या. मागून मावशी ओरडत होती, “सांभाळून चाला रे! आता पाडला तं दोघायलेबी जेवाले देणार नाही.”