सरकलेल्या रेषा

मनोहर आपल्याकडे येईनासा का झाला, हे बायको विचारून थकली. तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतो — आज पहिल्यांदाच.

कॉलेजात आम्ही एकाच सरांच्या हाताखाली. संशोधनाची जागा एकच. मनोहर सरांना म्हणाला, "वसंताचा हात स्थिर नाही. फोटोच्या प्लेटा बिघडवतो." खोटं — धडधडीत खोटं. जागा त्याला मिळाली. मी पिंपरीला, ज्वारीच्या रानात नव्यानेच उभ्या राहिलेल्या कारखान्यात धातू तपासायला लागलो. विसरलो का? छे.

काही वर्षांनी तोच आमच्या दारात. वर्णपटातल्या रेषा मोजायचं चांगलं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत होतं ना! धातू आणि ऑक्सिजनच्या एका रेणूच्या प्रकाशाचे फोटो त्याने काढले होते. रेणू गरगर फिरतो, त्या फिरण्याच्या रेषा काचेच्या प्लेटेवर शिस्तीत ओळीने उमटतात. याच्या प्लेटेवर मात्र मधल्याच काही रेषा जागा सोडून सरकलेल्या.

"वसंता, हे काय असेल रे?"

मला दिसलं — बघताक्षणी. अशा रेणूत थोड्याशाच ऊर्जेवर दुसरी एक उत्तेजित अवस्था दबा धरून असते. फिरता फिरता दोन अवस्थांची ऊर्जा जिथे जवळ येते, तिथे त्या एकमेकींना ढकलतात आणि रेषा सरकतात. त्याच्या सगळ्या कामातलं सोनं तेवढंच होतं.

मी म्हणालो, "प्लेट हलली असेल. तुझा हात स्थिर नाही."

त्याने ओळखलं का ते वाक्य? नाही! तो साफ विसरला होता — आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

त्या रेषा वगळून त्याने प्रबंध दिला. परीक्षकांनी मूळ प्लेटा मागवल्या. "जे सापडलं होतं, तेच फेकून दिलंत?" म्हणाले. प्रबंध नामंजूर.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. "तुलाही खरंच कळलं नव्हतं?"

"नाही रे."

"मग आपण दोघंही कच्चेच," म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला धीर देत होता — मला! मी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून.

त्याने संशोधन सोडलं. चाकणला सासऱ्यांच्या कांद्याच्या वखारीवर बसला, आणि आमच्याकडचं त्याचं येणं थांबलं. एकदा बाजारात दिसला — घामाने निथळत पोती रचून घेत होता. हाक मारली असती तर धावत आला असता. मी मारली नाही. लांब उभा राहून मनसोक्त बघून घेतलं.