काकूंच्या जीपचं वाढतं ऑइल

"इंजन खोलना पड़ेगा, मैडम. बेरिंग गया," साहूभाईंनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढत सांगितलं.

दुर्गजवळच्या कुरुदमधल्या त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं उभे होतो. शकुंतलाकाकू, त्यांचा मुलगा प्रशांत आणि मी. काकू दुर्गमधल्या पद्मनाभपूरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. काका रेल्वेत गार्ड होते. ही जुनी पेट्रोल जीप त्यांनी हौसेनं लिलावात घेतली, पण चालवायला शिकल्या काकू. दरवर्षी त्या मैत्रिणींना भरून डोंगरगडला देवीच्या दर्शनाला नेतात. येत्या रविवारी जायचं होतं.

"आई, अब बस कर ना. ग्राहक आहे, देऊन टाकू," प्रशांत म्हणाला.

"तू तुही कार वीक. माह्या जीपले हात नको लावू."

मी इथल्या स्टील प्लांटच्या ऑइल टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे. डॉक्टर रक्त तपासतात तसं आम्ही मशीनचं ऑइल तपासतो. मशीन न उघडता त्याच्या पोटात काय चाललंय ते कळतं. काकू माझ्या आईच्या मैत्रीण, म्हणून मला ओढून आणलं होतं. पण माझी मशीनं घराएवढी. जीपच्या इंजिनाशी कधी संबंध आला नव्हता.

तक्रार एकच होती. ऑइल इंजिनात किती जोरात फिरतंय हे दाखवणारा काटा सकाळी ठीक असायचा, आणि इंजिन तापलं की खाली पडायचा. साहूभाईंचा तर्क चुकीचा नव्हता. बेरिंग झिजल्या की फटी वाढतात, ऑइल निसटतं आणि असंच होतं. पण एवढ्या जुन्या इंजिनाच्या बेरिंग मिळणार कुठे? खोललेली जीप बहुतेक खोललेलीच राहिली असती.

"काकू, मधूनमधून ऑइल किती टाकावं लागतं?" मी विचारलं.

"टाकाचं कामच नाई पडत वो! उलट वाढून राहिलं. गुणाची हाये माही जीप."

सगळे हसले. मी डिपस्टिक काढली, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ऑइल खरंच वरच्या खुणेच्या वर होतं. जुनं इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पातळी वाढत असेल तर दुसरं काहीतरी आत शिरतंय. बाटलीत सँपल घेतलं आणि बजावलं, "आता जीप सुरू करू नका."

"कावून?"

"आत काय मिसळलंय ते कळू द्या."

मला संशय पाण्याचा होता. रेडिएटरचं पाणी आत गळू शकतं. लॅबमध्ये सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "जीपचं सँपल? जेवणाच्या सुट्टीत कर. आणि मलाही बोलव."

तापलेल्या हॉट प्लेटवर ऑइलचा थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडला असता. थेंब गप्प. पाणी नव्हतं.

मग फ्लॅश पॉइंट काढायला घेतला. ऑइल हळूहळू तापवायचं, वर छोटी ज्योत फिरवायची आणि वाफ कधी भपकन पेट घेते ते बघायचं. चांगलं इंजिन ऑइल बराच वेळ दाद देत नाही. हे जेमतेम तापलं आणि भपकलं.

"पेट्रोल!" मी आणि सर एकदमच ओरडलो. शेजारच्या टेबलवरचे लोक डबे सोडून बघायला आले.

पेट्रोलनं ऑइल पातळ होतं. तापलं की आणखी पातळ. म्हणून काटा पडत होता. तशीच डोंगरगडला नेली असती तर बेरिंग खरंच गेल्या असत्या, कदाचित आगही लागली असती.

लगेच साहूभाईंना फोन लावला. "पेट्रोल इंजिनात कुठून उतरू शकतं?"

ते एकदम म्हणाले, "पंप!"

त्या जीपचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. आत रबरी पडदा असतो, तो वरखाली होऊन पेट्रोल ओढतो. संध्याकाळी पंप खोलला. साहूभाईंनी पडदा उजेडात धरून ताणला. आरपार चीर; तिथूनच पेट्रोल ऑइलमध्ये झिरपत होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही.

"बस इतना सा?" प्रशांतला खरंच वाटेना.

साहूभाई स्वतःच खूश झाले होते. रायपूरहून इथेनॉल सोसणारा पडदा मागवून दुसऱ्या दिवशी बसवला, जुनं ऑइल पूर्ण काढलं, फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं. काकू स्टिअरिंगवर बसल्या, मी शेजारी. कुरुदहून दुर्गपर्यंत आणि परत. भर उन्हात इंजिन चांगलं तापलं, तरी काटा जागचा हलला नाही. काकूंनी एका ट्रकला ओव्हरटेक केलं तेव्हा मीच डोळे मिटले.

रविवारी डोंगरगडहून फोटो आला. चौघी जीपला टेकून उभ्या, काका मागे डबे सांभाळत. पाठोपाठ काकूंचा फोन. "प्रशांत इचारून राहिला, मले पन जीप चालवाले शिकवशील का?"

"मग? काय म्हणालात?"

"मनलं, पयले ऑइल पाहाले शिक."

मी एवढंच सांगेन. इंजिन कधीही खोलता येतं. आधी सँपल काढा.