साफ केलेला वाफा

तीसेक वर्षं मावशींनी लोकांची मुलं सांभाळली आणि एकही मूल कधी मळक्या कपड्यांत घरी पाठवलं नाही. घर दोन खोल्यांचं, त्यातली पुढची खोली म्हणजे पाळणाघर. भिंतीवर मुलांच्या उंचीला खुंट्या, प्रत्येक खुंटीला वेगळ्या रंगाचा रुमाल. एकाचा रुमाल दुसऱ्याच्या नाकाला लागला की मावशींचा दिवस गेला म्हणून समजा. शेजारीपाजारी त्यांच्या माघारी त्यांना झाडूमावशी म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांचा नवरा म्हणायचा, "आमच्या घरात धूळसुद्धा दार वाजवून आत येते."

अशा बाईनं मुलांना शेतावर न्यायचं का ठरवलं? झालं असं, की एकदा खिडकीतली कुंडी फुटली. मावशी माती गोळा करू लागल्या, तर एका मुलीनं "शी, घाण!" म्हणत दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्या मुलीला सगळे इंजिन म्हणत, कारण ती तोंडानं आवाज काढल्याशिवाय दोन पावलंही चालत नसे. एरवी हे पोर कशाला म्हणून घाबरत नसे, आणि मातीला घाबरलं! हे आपणच शिकवलंय, हे मावशींना कळलं आणि फार टोचलं.

शेत जवळच होतं. दोन उंच इमारतींच्या मधल्या जुन्या वाहनतळाची फरशी उखडून वस्तीतल्या लोकांनी ते केलं होतं. ते सांभाळणारे काका पूर्वी बस चालवायचे. वाटेत कुणी उभं राहिलं की अजूनही हॉर्न दिल्यासारखे खाकरायचे. त्यांनी मुलांना एक वाफा दिला आणि नियमही सांगून टाकला. ज्याचा वाफा सुकेल, त्याचा वाफा वाफ्यासाठी रांगेत थांबलेल्या पुढच्याला जाईल. मुलांनी टोमॅटोची रोपं लावली. मावशी मुलांचे हात धूत होत्या, तेवढ्यात काकांनी रोपांभोवती वाळलेला पाला पसरला आणि ते गळका नळ बघायला गेले.

निघायच्या वेळी मावशींनी वाफ्याकडे पाहिलं. एवढी चिमुकली रोपं आणि भोवती हा सगळा कचरा! त्यांना राहवेना. मुलांना हाताशी घेऊन त्यांनी पान न् पान उचललं, दोन पिशव्या भरल्या आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या केल्या. वाफा कसा लख्ख दिसायला लागला. समाधानानं त्या घरी गेल्या.

पुढचा आठवडाभर ऊन नुसतं भाजून काढत होतं. नळीतून रोज सकाळी सगळ्या वाफ्यांना पाणी सुटायचं, तेवढंच. सुट्टीच्या दिवशी त्या पुन्हा शेतावर आल्या, तेव्हा मुलांचे आईवडीलही हौसेनं बरोबर आले होते. शेजारचे सगळे वाफे हिरवेगार होते. यांच्या वाफ्यात माती तडकली होती आणि रोपांनी माना टाकल्या होत्या.

काका खाली बसले. "वरचा पाला कुठे गेला?"

"कसला पाला?" मावशींनी विचारलं.

"मी पसरला होता तो. उन्हात ओल धरून ठेवतो. तो नसला की कितीही पाणी घाला, संध्याकाळपर्यंत उडून जातं."

मावशींचं धाबं दणाणलं. मागे सगळे आईवडील उभे होते. मावशींच्या हाती मूल दिलं की काळजी नको, असं चारचौघांत सांगणारी ही माणसं. त्यांच्या नजरेतून आपण उतरणार, एवढंच मावशींच्या डोक्यात होतं.

काकांनीच वाट काढून दिली. "पोरांनी उडवला असेल खेळताना. पोरंच ती!"

सगळे हसले. "हं," मावशी म्हणाल्या. नुसतं हं.

तेवढ्यात वाफ्याशी बसून माती चाचपणारी इंजिन भोकाड पसरून रडायला लागली. "मी मारली झाडं! माझं दूध मी त्यांच्यावरच ओतलं!"

तिला दूध मुळीच आवडत नसे. मागच्या खेपेला सगळ्यांची नजर चुकवून तिनं आपली बाटली रोपांच्या मुळाशी रिकामी केली होती. आणि या रोपांचा जीव आपण घेतला, असं आता तिच्या मनानं घेतलं होतं.

तिच्या आईनं तिचा दंड धरला. "दूध ओतलंस? आणि पालाही तूच उडवलास ना?"

इंजिननं रडत रडत त्यालाही मान हलवली. मग मात्र मावशींना ते बघवेना.

"सोडा तिला," त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला. "घोटभर दुधानं काही होत नाही. पाला मी काढला. मला कचरा वाटला तो. मुलांनी उचलला, पण मी सांगितलं म्हणून. मघाशीच बोलायला हवं होतं मी."

कानशिलं तापलेल्या मावशी तशाच उभ्या राहिल्या. इंजिनचं रडं थांबलं होतं. तिनं बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता काका तुला रागवणार?"

"बहुतेक."

तिनं थोडा विचार केला. मग आईचा हात सोडवून ती मावशींजवळ आली आणि मातीनं भरलेल्या हातानं त्यांचं बोट धरलं. "मी थांबते तुझ्याजवळ. त्यांचं रागवून होईपर्यंत."

मावशींना एकदम भरून आलं. ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

काका खाकरले. आधी रोपांकडे, मग या दोघींकडे पाहत राहिले. "दोन-तीन जगतील अजून. वाफा राहू दे तुमच्याकडेच," ते म्हणाले. "पुढच्या वेळी काही उचलण्याआधी विचारत जा."

इंजिननं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "झालं रागवून?"

"झालं," काका म्हणाले आणि पाल्याची पाटी आणायला वळले.