गाण्यात कंजुषी कशाला?

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती आणि दिवसभर गुणगुणायची. तिच्या गाण्यांत छत उघडणाऱ्या मोटारी असत, हिरे जडवलेली घड्याळं असत, विमानानं खरेदीला जाणारी माणसं असत. मी शाळेत गणित शिकवतो, बायको नर्स आहे. विजय नगरच्या मागच्या अंगाला लहानसा फ्लॅट आणि एक जुनी स्कूटर, एवढा आमचा पसारा. ती गाणी ऐकून मला हसू यायचं, त्यापलीकडे काही नाही.

मग बिल्डिंगच्या वार्षिक कार्यक्रमात तिनं त्यातलंच एक गाणं म्हटलं. आवाज सुरेख लागला, टाळ्याही पडल्या. निघताना शेजारचे एक गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भिया, बिटिया तो करोड़ों की गाड़ी में घूम रही है, और आप अब भी किक मार रहे हो!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. पण जिना चढताना कान तापले होते.

दार लावलं आणि मुलीला म्हणालो, "उद्यापासून ही गाणी या घरात नकोत."

"का पण, बाबा?"

"आपल्याकडे जे नाही त्याच्या बढाया मारायच्या नाहीत. तुझे पणजोबा महूच्या पलटणीत होते. साधेपणानं जगले, ताठ मानेनं जगले."

मी फक्त ती गाणी बंद केली होती. तिनं गाणंच बंद केलं. आंघोळीला जाताना नाही, केस विंचरताना नाही, स्कूटरवर मागं बसल्यावरही नाही. तीन आठवड्यांनी बायको म्हणाली, "आमच्या वॉर्डात यापेक्षा जास्त आवाज असतो." मला ते लागलं, पण माघार घ्यायची कशी, तेही कळेना.

त्याच सुमारास महूहून आत्या आली. मी सहा महिन्यांचा असताना माझी आई गेली आणि या आत्यानंच मला वाढवलं. तिनं जन्मभर लष्कराच्या वर्द्या शिवल्या. आता तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून पंधरा दिवस आमच्याकडे मुक्काम. ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ती खिडकीशी बसायची. टीव्ही नाही, शिवण नाही, वाचणं नाही. दोनच दिवसांत कंटाळली.

रविवारी सकाळी बायको ड्युटीवर गेली होती आणि मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होतो. बाहेर आत्या मुलीला म्हणाली, "अगं, एखादं गाणं तरी म्हण."

"बाबांनी मना केलंय, आजी."

"गाण्याला मना? कोणतं गाणं?"

मुलीनं हळू आवाजात दोन ओळी म्हटल्या. मोटार, घड्याळ, सोन्याची साखळी. मी गॅस बारीक केला. आत्या आता रागावणार, असं मला वाटलं. ती खुदकन हसली आणि स्वतःच गायला लागली. आवाज कापत होता, पण चाल पक्की होती. बाळाचा पाळणा सोन्याचा, दोरी रेशमाची, वर मोत्यांचे राघू, अंगावर भरजरी शाल.

"हे मी तुझ्या बापाला म्हणायची," ती म्हणाली. "आणि तो निजायचा कशात, माहीत आहे? माझ्या फाटक्या लुगड्याच्या झोळीत. माझा एक पाय मशीनवर आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. वर्दीही शिवून व्हायची आणि हाही झोपायचा."

"मग सोन्याचा पाळणा कशाला म्हणायचीस?"

"मग काय फाटक्या लुगड्याचं गाणं म्हणू? लुगडं तर समोरच होतं. गाण्यात कंजुषी कशाला करायची?"

मी झारा हातात घेऊनच बाहेर आलो. मला काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. ती झोळी मला आठवणं शक्य नव्हतं, पण ती चाल मात्र अंगात कुठंतरी होती. तरीही माझ्यातला मास्तर गप्प बसेना. म्हणालो, "आत्या, तू ते माझ्यासाठी गायचीस. हिच्या गाण्यांत नुसतं मी, माझं, मला."

आत्यानं काळा चष्मा मुलीकडे वळवला. "खरं का गं?"

मुलीनं थोडा विचार केला. "हो यार, आजी. त्यात दुसरं कुणी नसतंच."

"मग घाल की कुणाला तरी!"

मी मुलीला म्हणालो, "मी तुला लोकांच्या हसण्यामुळे गप्प केलं. चुकलंच माझं. गात जा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोहे जळतायत, बाबा." खरंच जळत होते. तळाचे खरपूस पोहे तिघांनी मिळून खाल्ले.

त्या दुपारपासून तिची वही निघाली. स्कूटरवर मागं बसून ती यमकं जुळवू लागली. आत्याला तपासणीला नेलं त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावरच तिनं पहिला तुकडा ऐकवला:

"आजी की सीट पीछे झुके,
घुटने का दर्द वहीं रुके."

आत्या इतक्या जोरात हसली की बाकीचे पेशंट वळून बघू लागले. "आणखी?" म्हणाली. मग गाण्यातल्या गाडीत गार हवा आली, आईला ड्युटीवर सोडायला ड्रायव्हर आला, महूत आत्याच्या घरी चढायला लिफ्ट आली. आत्याचं घर तळमजल्यावर आहे, पण तिनं लिफ्ट ठेवून घेतली.

आत्या परत गेली. मुलगी आता अकरावीत आहे, वही भरत आली आहे. परवा संध्याकाळी ती समोर येऊन बसली. "बाबा, तुम्हाला काय हवं? सगळ्यांचं झालं, तुमचंच राहिलंय."

मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेच आठवलं. म्हणालो, "चोवीस तास पाणी येणारा नळ."

"बाबा! ही काय ऐश झाली? काहीतरी मोठं सांगा ना."

मी डोळे मिटले, धीर केला आणि म्हणालो, "बरं, मग अख्खी नर्मदाच आपल्या बाल्कनीखालून जाऊ दे."

"आता कसं!" ती म्हणाली, आणि नर्मदेला यमक शोधू लागली.