हिरव्या पातळासाठी प्रार्थना

ऐंशीच्या दशकात, मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये, माझी आत्या पाळकांना दर रविवारी टोकायची, "आमचं तारण कधीच झालंय. आम्हालाच काय शुभवर्तमान सांगताय? बाहेरच्यांना सांगा ना!"

एका नाताळात शेजारणीने कंडी पिकवली, की आत्याच्या करंज्या घाटकोपरच्या दुकानातल्या आहेत. आत्याने जन्मात विकतची करंजी घरात आणली नव्हती! चर्चमध्ये भांडणं शोभत नाही, पण प्रार्थनेला कोण अडवणार? रविवारी उपासनेत ती उभी राहिली, डोळे मिटले आणि काय झकास आवाज लावला! "प्रभू, आमच्यातल्या एका खोटारड्या भगिनीला क्षमा कर. नाव घेत नाही. हिरवं पातळ, तिसरा बाक, खिडकीकडची."

सवयीने सगळी मंडळी "आमेन" म्हणाली आणि माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. हिरव्या पातळातला चेहरा लालबुंद! मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

पाळक हळूच म्हणाले, "ताई, शुभवर्तमान आपल्यालाच का सांगतो, कळलं आता?"

आत्या पदर सावरून बसत म्हणाली, "कळलं. पण सुरुवात तिच्यापासून करा."