कोमट झालेली लस

नाथाजीला सगळे देवीडॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं, आणि इस्पितळातल्या खऱ्या डॉक्टरांना तर त्याहून पक्कं. पण पोरांच्या दंडावर लस टोचून देवी काढणारा हा माणूस गावात शिरला की बायका पोरं काखोटीला मारून घरात पळत आणि आतून कडी घालता घालता ‘डाक्टर आला गं’ असंच ओरडत. मग नाथाजीही ते नाव नाकारायच्या भानगडीत पडला नाही. फुकटात मिळालेली डिग्री कोण सोडतो!

तो कराडजवळच्या मलकापूरचा. घरी ऊस, थोरला भाऊ पलटणीत. नाथाजीचं मन ना उसात रमलं ना बंदुकीत. सातवी पास झाल्यावर तो कृष्णाकाठच्या मोठ्या इस्पितळात चिकटला. मोठं इस्पितळ म्हणजे काही एक इमारत नव्हती. त्याच्या हाताखाली तालुक्यातालुक्याचे दवाखाने होते, गावाबाहेर साथीच्या रोग्यांची छपरं होती, आणि या सगळ्यात राबणारी माणसं होती. रंगूबाई नावाची दाई नदीला पूर आला असताना गुळाच्या काहिलीत बसून बाळंतिणीकडं गेली होती. आप्पासो कंपाउंडर पटकीच्या साथीत एका गावच्या विहिरीवर ठाण मांडून बसला होता, औषध टाकल्याशिवाय घागर बुडवू देईना म्हणून लोकांचे धपाटे खाऊन. अशा माणसांच्या जिवावर ते इस्पितळ चाललं होतं, आणि नाथाजीही त्यातलाच एक होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते वाचून त्याला कामचुकार समजाल. कामचुकार तो कधीच नव्हता.

त्याच्याकडं माणचा कोरडा मुलूख होता. एक तट्टू, टोचायचा काटा, स्पिरिटचा दिवा, लशीच्या काचेच्या नळ्या ठेवलेला पत्र्याचा डबा आणि पाण्याची छागल, एवढा त्याचा संसार. लशीला ऊन सोसत नाही. इस्पितळात बर्फ असे, माणच्या माळावर कुठला आणायचा? म्हणून नाथाजी तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून भरल्या छागलीला चिकटून बांधायचा. छागल पाझरायची, फडकं ओलं राहायचं, डबा गार राहायचा. छागलीतलं पाणी त्याला स्वतःला प्यायची चोरी होती. आणि डबा कोमट झाला तर लस फेकून द्यायची, हा इस्पितळाचा नियम होता. मेलेली लस टोचली तर दंडावर ओरखडा उठतो, पण अंगात काही शिरत नाही.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात तो दहिवडीच्या पुढं, आकाराम धनगराच्या तळाकडं निघाला होता. या आकारामनं त्याला आधी दोनदा पिटाळून लावलं होतं. “मेंढरास्नी खूण करत्यात तशी माज्या नातवंडास्नी खूण कराया आलाय व्हय रं?” असं म्हणून त्यानं कुत्री सोडली होती. दवाखान्यातले लोक त्यावरून नाथाजीची टर उडवत. देवीडॉक्टरला देवीपेक्षा धनगराच्या कुत्र्यांची जास्त भीती, म्हणत.

आणि नेमका आकारामच त्याला वाटेत दिसला, एका बाभळीखाली आडवा पडलेला. म्हातारा उन्हानं भोवंडून पडला होता. तोंडाला कोरड, डोळे पांढरे. नाथाजीनं तट्टावरून उडी मारली आणि छागल सोडली. इथं तो क्षणभर थांबला, विचार केला, असं काही झालं नाही. त्या मुलखात तहानेल्या माणसाला पाणी द्यावं की नाही असा विचारच कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडात पाणी सोडलं, डोक्यावर ओतलं, छातीवर ओतलं. छागल पार पिळून काढली तेव्हा कुठं आकारामनं डोळे उघडले. मग त्याला तट्टावर घालून नाथाजी लगाम धरून चालत तळावर आला. पत्र्याचा डबा खोगिराला लोंबकळत होता, वाळक्या फडक्यात, भर उन्हात.

तळावर एकच गलका झाला. सून हरणाबाईनं सासऱ्याला ताक पाजलं. दम खाऊन म्हातारा उठून बसला आणि सगळ्यांना बोलावून म्हणाला, “ह्या मानसानं मला जित्ता माघारी आनला. आता ह्यो म्हनंल ते करायचं. आना रं पोरं हिकडं.”

नाथाजीनं डबा उघडला. नळ्या हाताला कोमट लागल्या. त्याच क्षणी त्याला कळलं होतं, यात शंका नको. तो म्हणू शकला असता, आज नको, दोन दिवसांनी येतो. पण दोन दिवसांनी तळ इथं असेल का? म्हाताऱ्याचं मन असंच राहील का? सगळी पोरं एका रांगेत उभी आहेत, हे पुन्हा कधी जमायचं? अशी सगळी कारणं त्यानं स्वतःला दिली आणि ती खरीही होती. पण त्यांच्या तळाशी आणखी एक होतं, ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. आकारामचा तळ आपण सर केला, हे दवाखान्यात जाऊन सांगायची त्याला घाई झाली होती.

“थोडी तरी जित्ती असंलच की,” असं मनाशी पुटपुटून त्यानं काटा हातात घेतला.

हरणाबाईनं पहिल्यांदा आपली मनी पुढं केली. चारेक वर्षांची चुणचुणीत पोर. बाकीच्या बायांची भीती जावी म्हणून हरणाबाईनं तिला मांडीवर घेऊन तिचा दंड सगळ्यांसमोर धरला. मनी रडली नाही, फक्त नाथाजीकडं रागानं बघत राहिली. मग एकेक करून सगळी पोरं झाली. निघताना नाथाजी म्हणाला, “आता काळजी करू नका. देवी तुमच्या तळाकडं फिरकायची न्हाई.” हे वाक्य तो प्रत्येक गावात म्हणत असे. तिथंही सवयीनं म्हणून गेला.

लस लागली का, म्हणजे दंडावर फोड उठला का, हे आठवड्यानं जाऊन बघायचं असतं. नाथाजी गेला. तळ उठलेला होता. राख होती, लेंड्या होत्या, माणूस नव्हतं. आणि इथंच सगळी गोम आहे. नाथाजीला हायसं वाटलं. एवढी मेंढरं काही हवेत विरत नाहीत. लेंड्यांचा माग आटपाडीच्या अंगाला गेलेला होता, आणि पुढं तळ कुठं उतरलाय हे रस्त्यावरच्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. नाथाजीनं कुणाला विचारलंच नाही. दवाखान्यात येऊन त्यानं सांगितलं, “आकारामच्या तळावर समद्यांची देवी काढली.” ते ऐकून त्याची टर उडवणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. कुठं देवीची साथ आली असं कानावर पडलं की आधी विचारायचा, कुठल्या अंगाला? आटपाडीकडं नाही म्हटलं की सुटकेचा श्वास टाकायचा. बायकोनं एकदा विचारलं, “आटपाडीत काय पुरून ठिवलंय काय तुमी?” तो तिच्यावर उगाचच खेकसला.

वैशाखात मोठ्या इस्पितळानं आपल्या माणसांचा सत्कार ठेवला. लढाईच्या वर्षांत औषधं नव्हती, माणसं अपुरी, तरी यांनी दवाखाने चालवले म्हणून. आवारात मांडव, खुर्च्या, हार. रंगूबाईला लुगडं मिळालं, आप्पासोला फेटा. मग मोठ्या डॉक्टरांनी नाथाजीला बोलावलं आणि म्हणाले, “ज्या माणसांनी आजवर दंड पुढं केला नाही, त्यांच्याकडं हा गेला, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचा जीव वाचवला, आणि त्यांची पोरं देवीपासून सोडवली.” टाळ्या पडल्या. नाथाजीच्या सदऱ्याला चांदीचा बिल्ला लागला. रंगूबाई कौतुकानं म्हणाली, “आवं, हसा की जरा! सत्कार हाय तुमचा, तेराव्याला बसल्यासारखं काय बसलाय?” नाथाजी हसला, पण ते हसणं त्याचं त्यालाच टोचलं.

मांडव उठायच्या आतच साथीच्या छपराकडची आया धोंडुबाई त्याला शोधत आली. “कुनी धनगरीन आलीया देवीची पोर घिऊन. देवीडाक्टरच पायजे म्हनती. दुसऱ्या कुनाला हात लावू देईना.”

देवी आलेलं पोर कुणी इस्पितळात आणत नसे. घरी निंबाचा पाला टांगायचा, देवीला दहीभात दाखवायचा आणि वाट बघायची. ही बाई आणि तिचा नवरा अर्जुना मात्र आटपाडीकडून पोरीला पाठीवर घेऊन चालत आले होते. नाथाजीनं छपरात पाऊल टाकलं आणि हरणाबाईला ओळखलं. पोरीला ओळखता येत नव्हतं.

“डाक्टर,” हरणाबाई म्हणाली, “तुमी देवी काढली, तरी आली. म्हंजी माजंच कायतर चुकलं. तेवढं सांगा. जत्रंत मी हिला बोकडाचं मटान चारलं. त्यानं कोपली व्हय? का काढल्यावर दंड धुतला म्हनून?”

“बघतो,” एवढंच नाथाजी म्हणाला आणि डॉक्टरांना बोलवायला गेला. डॉक्टरांनी जमेल ते केलं. नाथाजी दोन दिवस छपरातून हलला नाही. पोरीच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा, ओठांवर पाणी सोडायचा. हरणाबाईला वाटलं, केवढा देवमाणूस! ती अधूनमधून त्याच्या पाया पडायची, आणि तो पाय मागं घ्यायचा. दोन दिवसांत तिनं आपल्या चुका पुन्हा पुन्हा मोजल्या, मटण, धुतलेला दंड, देवीला बोललेला नारळ राहिला तो. नाथाजीनं ऐकून घेतलं. तिला थांबवलं नाही. लस टोचली ते पाप एकदाचं होतं, हे मात्र तो घडोघडी करत होता.

मनी गेली. अर्जुनानं तिला नदीकाठी पुरलं. हरणाबाई रडली नाही. आपल्या चुकीनं पोर गेली, आता रडायचं कुठल्या तोंडानं, असं तिला वाटत असावं. परत निघताना ती नाथाजीजवळ आली.

“बाकीच्या पोरास्नी काय व्हायचं न्हाई न्हवं? तुमी समद्यांचीच काढलीया. माज्यागत त्यांच्या आयांनी काय चुका केल्या न्हाईत.”

तळावर बाकीची सगळी पोरं होती. मनीबरोबर खेळलेली, तिच्या वाकळेवर निजलेली. नाथाजी गप्प राहिला तर बिल्ला राहत होता, नोकरी राहत होती, आणि ती पोरं जात होती.

“बाई, खाली बसा,” तो म्हणाला. “ती देवी निघालीच न्हवती. लस उन्हानं मेली हुती. मला ठावं हुतं, तरी टोचली.”

हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. “मग बोकडाचं न्हवं?”

“न्हाई.”

“दंड धुतला त्यानंबी न्हवं?”

“न्हाई, बाई. तुमचं कायबी चुकलं न्हाई. माजं चुकलं.”

तेव्हा ती रडली. पोर गेल्यावर पहिल्यांदा, जमिनीवर हात आपटून रडली. अर्जुना नाथाजीच्या अंगावर धावून गेला, तर धोंडुबाई मध्ये पडली. नाथाजी तसाच उठून मोठ्या डॉक्टरांकडं गेला, सगळं सांगितलं आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, “तुझं काय करायचं ते नंतर बघू. आधी बर्फातली लस घे आणि मोटारीनं जा. तुझ्याशिवाय तिथं कुणाला उभं करणार नाहीत.” मग खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणाले, “आता तुलाही करतील का, कोण जाणे.”

तळावर हरणाबाई आणि अर्जुना त्याच्याच मोटारीतून गेले. पोरं पुन्हा जमा करा म्हटल्यावर आकाराम म्हणाला, “मागं काढली न्हवं?” मग नाथाजीला सगळ्यांसमोर पुन्हा सांगावं लागलं. पाणी संपलं, डबा तापला, लस मेली, तरी टोचली, आणि बघायला आलो तेव्हा तुमाला हुडकलं न्हाई. यातलं काही त्यानं गाळलं नाही.

म्हातारा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. “म्हंजी मला जगवलंस आन पोर घालवलीस,” तो म्हणाला. “त्यापरीस मला तितंच पडू द्याचा हुतास की रं.” आणि तोंड फिरवून बसला.

एकही बाई पुढं येईना. कुत्रीसुद्धा कुणी सोडली नाहीत, त्याचं नाथाजीला जास्त लागलं. मग हरणाबाई उठली. तिनं जावेचं पोर तिच्या हातातून ओढून घेतलं, मांडीवर बसवलं आणि दंड पुढं धरला. नाथाजीकडं तिनं बघितलं नाही. ते झाल्यावर दुसरं घेतलं, मग तिसरं. रडणाऱ्या पोरांना ती दटावत होती, कुणाचा हात घट्ट धरत होती, आणि तिची स्वतःची मांडी एक पोर उतरलं की दुसरं येईपर्यंत रिकामी राहत होती. नाथाजीनं एकही ओरखडा चुकवला नाही.

शेवटचं पोर उतरल्यावर हरणाबाईनं पदरानं हात पुसले. “आता खरं सांगा. ही तरी लागंल?”

तोंडावर आलेलं नेहमीचं वाक्य नाथाजीनं गिळलं. “आज सांगता येत न्हाई,” तो म्हणाला. “आठवड्यानं फोड उठला तर लागली म्हनायचं. मी येऊन बघीन.”

“येऊन न्हाई,” हरणाबाई म्हणाली. “तवर हितंच ऱ्हावा. लागली न्हाई तर पोरं पाठीवर घिऊन आमी तुमाला हुडकत कुटंवर चालायचं?”

नाथाजीनं मोटार परत धाडून दिली.