आईच्या गुडघ्यांचं दुखणं आणि शेजारच्या गोळ्या

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी आई बाथरूममधून भिंत धरत बाहेर आली आणि दारातच बसली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "दोन दिवस झालं, संडासला काळं होतंय गं." मी तिला रिक्षात घालून तडक इथं आणलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

आई माझ्याकडे बघेना. शेवटी हळूच बोलली, "संधिवातानं गुडघे, घोटे लई ठणकतात की. शेजारच्या काकूंच्या गोळ्या घेते. आधी एक घ्यायची, आता तीन-चार लागतात."

त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झालाय. दाखल केलंय, सलाईन सुरू आहे. धोका टळला का, ते उद्यापर्यंत कळेल म्हणतात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दमून येतीस. रोज तेच काय सांगू?"

महिनाभर मी सगळ्यांना आनंदानं सांगत होते, आईचे गुडघे आता बरे आहेत. खरं तर ती फक्त कण्हायची थांबली होती.

तुमच्याही घरात कुणी दुखणं सांगायचं अचानक थांबवलंय का? आज जरा जवळ बसून विचाराल?